पुस्तक कठीण की विषय? रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाची सुबोधता कशी तपासावी

पदवीच्या पहिल्या वर्षी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडल्यावर एखादा परिच्छेद तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, हा अनुभव तुम्हांला असेल. अशा वेळी बहुतेक विद्यार्थी 'आपले केमिस्ट्रीच कच्चे' असा निकाल लावून मोकळे होतात. त्या निकालाचे परिणाम मोठे असतात. कोणी विषय बदलतो, कोणी पाठांतराला लागतो. म्हणून निकालाआधी पुस्तकाचीही चौकशी व्हायला हवी. पुस्तक वाचकाला कितपत समजते, म्हणजे त्याची सुबोधता किती, हे तपासण्याच्या पद्धती आहेत. या पाठात आपण त्या समजून घेऊ, त्यांपैकी मराठीला कोणत्या लागू पडतात ते पाहू आणि शेवटी तुम्हांला वर्गात करता येईल अशी एक चाचणी देऊ.

उदाहरणासाठी चेन्नईतले वेलचेरी घेऊ. आयआयटी मद्रासचे आवार वेलचेरीला लागून आहे. देशभरातून शिकायला आलेली मुले या भागात खोल्या घेऊन राहतात आणि त्यांत मराठी मुलेही असतात. एनपीटीईएल हा व्याख्यानांचा प्रकल्प २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून सुरू केला. त्याचे समन्वयाचे काम आयआयटी मद्रासमधून चालते आणि त्याच्या अनेक अभ्यासक्रमांची भाषांतरे मराठीसह इतर भारतीय भाषांत झाली आहेत. तेव्हा सोलापूरहून किंवा नांदेडहून वेलचेरीत आलेल्या विद्यार्थ्याच्या टेबलावर इंग्रजी पाठ्यपुस्तक, मराठी भाषांतर आणि हिंदी टिपणे अशी तिन्ही असू शकतात. त्याच टेबलावर पाणी तापवायची किटली असते. बोअरचे पाणी वापरले तर तिच्या तळाशी काही दिवसांत पांढरा थर धरतो. आपला पहिला धडा त्या थरावरच आहे.

एकाच गोष्टीचे दोन उतारे

पुढचे दोन्ही उतारे या पाठासाठी लिहिले आहेत. पहिला असा:

'कॅल्शिअम बायकार्बोनेटाच्या विद्राव्यतेमुळे उद्भवणारी पाण्याची तात्पुरती दुष्फेनता क्वथनसमयी होणाऱ्या त्याच्या औष्णिक अपघटनातून अविद्राव्य कार्बोनेटाचे अवक्षेपण घडून आल्याने नाहीशी होते.'

आता दुसरा:

'पाण्यात कॅल्शिअम बायकार्बोनेट विरघळलेले असले की साबणाला नीट फेस येत नाही. असे पाणी उकळले की बायकार्बोनेटाचे विघटन होते. त्यातून कॅल्शिअम कार्बोनेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो. कॅल्शिअम कार्बोनेट पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून ते भांड्याच्या तळाशी पांढऱ्या थराच्या रूपात बसते. पाण्यात आता कॅल्शिअमचे आयन कमी उरले. साबणाला फेस येऊ लागतो.'

पहिला उतारा १९ शब्दांचा, एका वाक्याचा. दुसरा ५६ शब्दांचा, सात वाक्यांचा. म्हणजे सोपा उतारा कठीण उताऱ्याच्या जवळपास तिप्पट लांब आहे. 'सोपे पुस्तक म्हणजे पातळ पुस्तक' हा गैरसमज परीक्षेच्या गाईडांनी पसरवला आहे. पाने कमी करण्यासाठी सर्वांत आधी कारणांची वाक्ये कापली जातात.

पहिल्या उताऱ्यात घटना सांगणारी क्रियापदे नामांत कोंडली आहेत. उकळणे झाले 'क्वथन', विरघळणे झाले 'विद्राव्यता', तळाशी बसणे झाले 'अवक्षेपण'. आधी काय घडले आणि मग काय, हा क्रम वाचकाने स्वतः उलगडायचा. शिवाय कार्बन डायऑक्साइडचा उल्लेखच नाही, त्यामुळे समीकरण संतुलित करायला गेलात तर हिशेब जुळत नाही. इंग्रजी शास्त्रीय लेखनात अशी नामे सर्रास असतात आणि भाषांतरात ती जशीच्या तशी उतरतात. मराठीचा कल 'उकळले की', 'विरघळले तर', 'बसल्यावर' असा क्रियापदांकडे आहे.

पण दुसरा उताराही निर्दोष नाही. कॅल्शिअम असले की फेस का येत नाही, हे त्याने सांगितलेलेच नाही. साबण हा मेदाम्लांचा सोडियम क्षार असतो. कॅल्शिअमचे आयन त्या मेदाम्लांशी मिळून न विरघळणारा चोथा तयार करतात आणि फेसासाठी साबण उरत नाही. ही एक पायरी गाळल्यामुळे सहज वाचता येणाऱ्या उताऱ्यातही खड्डा राहिला. वाचताना अडखळायला होत नाही म्हणून असा खड्डा लक्षातही येत नाही. वाचनसुलभता आणि आकलन यांतला फरक इथे दिसतो.

सूत्रे आणि त्यांची मर्यादा

वाचनसुलभतेचे सर्वांत प्रसिद्ध सूत्र रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये इंग्रजीसाठी दिले. एका वाक्यात सरासरी किती शब्द आहेत त्याला १.०१५ ने गुणा, एका शब्दात सरासरी किती उच्चारावयवे आहेत त्याला ८४.६ ने गुणा आणि दोन्ही गुणाकार २०६.८३५ मधून वजा करा. उत्तर १०० च्या जवळ आले तर मजकूर सोपा, शून्याकडे झुकले तर अवघड.

हे सूत्र मराठीला लावून पाहा. समजा मजकुरात दर शब्दाला सरासरी तीन उच्चारावयवे आहेत. ८४.६ गुणिले ३ म्हणजे २५३.८. वाक्याची लांबी धरण्याआधीच उत्तर उणे ४७ च्या आसपास गेले! मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडून येतात, म्हणून शब्द लांब होतात. पण 'विरघळल्यावर' हा लांबलचक शब्द तिसरीतल्या मुलालाही कळतो. उलट 'मोल' हा दोन अक्षरांचा शब्द पदवीच्या विद्यार्थ्यालाही चकवतो. घरी 'मोल' म्हणजे किंमत, रसायनशास्त्रात मोल म्हणजे पदार्थाचे प्रमाण. आणखी एक अडचण म्हणजे मराठीत लिहिलेली अक्षरे आणि उच्चारलेली अवयवे यांची संख्या जुळत नाही. 'विरघळल्यावर' लिहिताना सात अक्षरे, बोलताना 'विर-घळ-ल्या-वर' अशी चारच. संगणकाने अक्षरे मोजून काढलेला आकडा त्यामुळे भलताच येतो. कोणी तुम्हांला मराठी पुस्तकाचा 'रीडेबिलिटी स्कोअर' दाखवला, तर तो कोणत्या भाषेसाठी बसवलेल्या सूत्रातून आला हे आधी विचारा.

अडवणारे शब्द कोणते?

पारिभाषिक शब्दांमुळे पुस्तक कठीण होते असे आपण धरून चालतो. ग्लासगो विद्यापीठातील अॅलेक्स जॉनस्टन आणि त्यांचे सहकारी कॅसल्स यांनी १९८० च्या दशकात इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या कामातून वेगळी गोष्ट पुढे आली. नवा पारिभाषिक शब्द आला की शिक्षक थांबतो, व्याख्या देतो. अडचण होते ती ओळखीच्या वाटणाऱ्या, पण शास्त्रात वेगळ्या अर्थाने येणाऱ्या शब्दांची. 'व्होलटाइल' म्हणजे सहज वाफ होणारा. पुष्कळ मुलांनी तो 'स्फोटक' किंवा 'पेट घेणारा' असा घेतला.

मराठीत अशा शब्दांची कमतरता नाही. 'सौम्य' आणि 'विरल' यांचे पाहा. सौम्य आम्ल म्हणजे ज्याचे पाण्यात थोडेच आयनीभवन होते ते. विरल आम्ल म्हणजे ज्यात पाणी जास्त आणि आम्ल कमी ते. एका लिटरमध्ये ०.००१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल असलेले द्रावण विरल आहे, पण आम्ल तीव्रच आहे. शुद्ध अॅसेटिक आम्ल संहत आहे, पण आम्ल सौम्य आहे. बोलताना मात्र आपण पाणी घातलेल्या आम्लाला बेधडक 'सौम्य' म्हणतो. जे पुस्तक हा फरक एकदा उदाहरणासह सांगून पुढे तो काटेकोरपणे पाळते, ते चांगले. 'अनुक्रमे', 'नगण्य', 'गृहीत धरून' हे शब्दही तपासा. 'अ आणि ब यांचे उत्कलनबिंदू अनुक्रमे...' या रचनेवर पहिल्या वर्षाची किती मुले अडखळतात, ते एकदा वर्गात विचारून बघा.

किटलीच्या पाण्याचीच गंमत घ्या. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्याला घरी 'जड पाणी' म्हणतात, पाठ्यपुस्तक 'दुष्फेन' म्हणते. आणि त्याच पाठ्यपुस्तकात पुढे 'जड पाणी' येते ते ड्युटेरिअमचे, अणुभट्टीत वापरायचे. वेलचेरीतला घरमालक बोअरच्या पाण्याला 'उप्पु तण्णी' म्हणतो, म्हणजे मिठाचे पाणी. त्याचा शब्द शास्त्रीय नसला तरी पाण्यात क्षार विरघळलेले आहेत ही मुख्य गोष्ट त्यात आली आहे. 'दुष्फेन' या शब्दात ती येत नाही.

दोन भारतीय भाषांतली पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्यांनी तर फारच सावध राहावे. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा लहानात लहान कण आणि अणू जोडून होतो तो रेणू. हिंदीत पहिल्याला 'परमाणु' आणि दुसऱ्याला 'अणु' म्हणतात. म्हणजे हिंदी टिपणातला 'अणु' हा मराठीतला रेणू! तमिळमध्ये मात्र 'अणु' मराठीप्रमाणेच. तसेच मराठीत आम्ल, आम्लारी आणि क्षार हे त्रिकूट आहे. आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार होतो. हिंदीत त्या क्षाराला 'लवण' म्हणतात आणि 'क्षार' हा शब्द आम्लारीच्या घराण्यात जातो. लिपी एकच असल्यामुळे ही गफलत डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही भाषांत वाचत असाल तर वहीच्या पहिल्या पानावर असा तक्ता करून ठेवा.

शब्द किती संस्कृत असावेत हा वाद जुना आहे. डॉ. रघुवीर यांनी मूलद्रव्यांनाही नवी नावे दिली होती: ऑक्सिजनला जारक, नायट्रोजनला भूयाति. ती रुळली नाहीत. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्ये आणि संयुगे यांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवण्याचे धोरण घेतले आणि आजची मराठी पुस्तकेही ऑक्सिजन, नायट्रोजन असेच लिहितात. माझ्या मते हे योग्यच झाले. विद्यार्थ्याची खरी दमछाक होते ती 'क्वथनसमयी' सारख्या शब्दांनी, ज्यांना ना परिभाषेचे कारण आहे ना व्यवहाराचे.

तीन पातळ्यांवरच्या उड्या

रसायनशास्त्राच्या पुस्तकाला भाषेपलीकडची एक अडचण असते. जॉनस्टन यांनी १९९१ मध्ये ती त्रिकोणाच्या रूपात मांडली. पहिले टोक डोळ्यांना दिसणारे: किटलीतला पांढरा थर. दुसरे टोक न दिसणाऱ्या कणांचे: कॅल्शिअमचे आणि कार्बोनेटचे आयन. तिसरे चिन्हांचे: सूत्र, समीकरण, आलेख. शिक्षक आणि लेखक या तिन्हींत सहज फिरतात. नवा वाचक मात्र दर वेळी कुठल्या पातळीवर आहोत हे शोधत बसतो आणि त्याची ध्यानात ठेवण्याची मर्यादित जागा त्यातच संपते.

हे तपासायला तीन रंगांच्या पेन्सिली पुरतात. एक पान घ्या. दिसणाऱ्या गोष्टींखाली एक रंग, कणांखाली दुसरा, चिन्हांखाली तिसरा. एका वाक्यात दोनदोन वेळा रंग बदलत असेल आणि 'आता कणांच्या पातळीवर काय घडते ते पाहू' असे जोडवाक्य कुठेच नसेल, तर ते पान तुम्हांला का थकवते ते कळेल. आकृतीचेही तेच. आकृती एका पानावर आणि तिचे स्पष्टीकरण पान उलटल्यावर असेल तर वाचक दोन अर्ध्या गोष्टी डोक्यात धरून बसतो.

मराठीत असे कोणी तपासले का?

१९६८ नंतर केंद्र सरकारने विद्यापीठ पातळीची पुस्तके प्रादेशिक भाषांत व्हावीत म्हणून राज्यांना प्रत्येकी १ कोटी रुपये देण्याची योजना आखली. त्यातून नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ आले आणि पदवीची मराठी पुस्तके निघाली. भाषा संचालनालयाने परिभाषा कोश केले. २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीची पुस्तके मराठीसह अनेक भाषांत आणायला सुरुवात केली. ही कामे प्रामुख्याने पुस्तक आणि शब्द तयार करण्याची.

वाचकापाशी जाऊन तपासण्याचे महत्त्वाचे काम मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. त्याचे संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी शालेय विज्ञानाच्या मराठी पुस्तकांतली भाषा सोपी करून तिचा शिकण्यावर काय परिणाम होतो ते पाहिले, आणि भाषेचा अडथळा खरा आहे हे आग्रहाने मांडले. ज्या मुलांच्या घरी पुस्तकी मराठी बोलली जात नाही, त्यांच्या वाट्याला तो जास्त येतो. त्यांचे काम शाळेचे होते. पण दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावीत इंग्रजी पुस्तक हातात घेणाऱ्या मुलाचा अडथळा त्याच जातीचा आहे.

सोपे, पण चुकीचे

'सोडियम एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि क्लोरीन तो घेतो, कारण दोघांनाही अष्टक पूर्ण करायचे असते.' हे वाक्य कोणालाही कळते. पण वायुरूप सोडियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला दर मोलला सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि क्लोरीनच्या अणूला तो मिळाल्यावर सुमारे ३४९ किलोज्यूलच बाहेर पडते. सौदा तोट्याचा आहे. मिठाचा स्फटिक टिकाऊ होतो तो आयन एकत्र येऊन जालक बनताना सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात म्हणून. अणूंना 'हवे असते' असे सांगणारे पुस्तक वाचनसुलभतेत पहिले येईल आणि पुढच्या वर्षी जालक ऊर्जा शिकताना तुमच्याच वाटेत उभे राहील. म्हणून कोणत्याही चाचणीबरोबर विषय जाणणाऱ्या शिक्षकाने मजकूर अचूक आहे ना, हे स्वतंत्रपणे पाहायला हवे.

करून पाहा

विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये 'क्लोझ' ही पद्धत मांडली. ती सूत्रासारखी मजकुराचीच मोजदाद करत नाही, प्रत्यक्ष वाचकाला कामाला लावते. तुमच्या कॉलेजात लागलेले पुस्तक आणि ग्रंथालयातले दुसरे एखादे, अशी दोन पुस्तके घ्या. प्रत्येकातून दोन विषयांवरचे उतारे निवडा, उदाहरणार्थ रासायनिक समतोल आणि आम्ल-आम्लारी. प्रत्येक उतारा २५० हून थोड्या जास्त शब्दांचा असावा. पहिले आणि शेवटचे वाक्य तसेच ठेवा. मधला दर पाचवा शब्द गाळून सारख्या लांबीची रिकामी जागा सोडा, अशा ५० जागा करा. वाचकाने त्या भरायच्या. ३१ बरोबर आल्या तर ६२ टक्के.

इंग्रजी वाचकांवरच्या कामातून जॉन बोरमुथ यांनी ४४ आणि ५७ टक्के हे दोन टप्पे दिले: ४४ च्या खाली मजकूर वाचकाच्या आवाक्याबाहेर, ५७ च्या वर तो स्वतः वाचून समजण्याजोगा, मधला शिक्षकाच्या मदतीने. मराठीत हे आकडे जसेच्या तसे धरू नका. इथे एका शब्दाबरोबर प्रत्ययही गळतो, त्यामुळे जागा भरणे अवघड होते. शिवाय 'पाण्याला' आणि 'पाण्यास' दोन्ही बरोबर असतात. अर्थ आणि विभक्ती जुळली तर गुण द्यायचा, असा एकच नियम दोन्ही पुस्तकांना लावा आणि आकड्यांची तुलना फक्त एकमेकांशी करा.

एकाच विद्यार्थ्याला एकाच विषयावरचे दोन्ही उतारे देऊ नका. पहिला वाचूनच तो दुसऱ्यासाठी शहाणा झालेला असतो. वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. पहिल्या गटाला समतोल पहिल्या पुस्तकातून आणि आम्ल-आम्लारी दुसऱ्यातून. दुसऱ्या गटाला उलट. म्हणजे हुशार मुले एका गटात जास्त पडली तरी त्याचा फायदा एकाच पुस्तकाला मिळत नाही.

जागा भरून झाल्यावर मूळ मजकूर वाचायला द्या, पुस्तक मिटायला सांगा आणि ज्याचे उत्तर वाक्यात आयते नाही असा प्रश्न विचारा. आपल्या किटलीसाठी तो असा असेल: पाण्यात कॅल्शिअम बायकार्बोनेटाऐवजी कॅल्शिअम क्लोराइड विरघळलेले असते, तर उकळून फेस येऊ लागला असता का? तळाशी थर बसला असता का? 'कायमची दुष्फेनता' असे पाठ उत्तर आले तर त्याला 'का' हे विचारा. जो विद्यार्थी सांगेल की क्लोराइड उकळण्याच्या तापमानाला फुटत नाही, म्हणून कॅल्शिअमचे आयन पाण्यातच राहतात, त्याला उतारा समजला. असे किती जण कोणत्या पुस्तकामागे निघाले त्याचा तक्ता करा आणि वर्षअखेरीस विभागात पाठ्यपुस्तके ठरवली जातात तेव्हा तो शिक्षकांना द्या.